बाईंच्या हाताखालची पोरगी

दवाखाना, तरणा पोरगा आणि पांढऱ्या कपड्यातल्या नर्सा. एवढं ऐकलं की तुमच्या मनात काय सुरू झालं ते मला इथं बसून दिसतंय. आता पोरग्याला ताप येणार, एखादी देखणी नर्स कपाळावर हात ठेवणार आणि मग पुढचं तुमचं तुम्ही रंगवणार. तसलं काही व्हायचं नाही. ह्या गोष्टीतली नर्स मीच आहे. मिशीवाली.

आता जळण्याचं म्हणाल तर जळलो मी, ते खोटं नाही. ओल्या लाकडासारखा धुमसत जळलो. पण जिच्यापायी जळलो ती साठीला टेकलेली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, आणि चालताना तिचा डावा बूट करकरायचा. ती आमची मेट्रन. सगळा दवाखाना तिला नुसतं 'बाई' म्हणायचा.

मी भिंगारचा. बाप लष्करातल्या लोकांचे कपडे शिवायचा. दुकानात माप द्यायला कधी पंजाबी हवालदार यायचा, कधी मद्रासी स्वयंपाकी, कधी कुणाची तरी मेमसाहेब. ते गेले की मी त्यांची चाल आणि बोली जशीच्या तशी उतरवायचो. गिऱ्हाइकं हसायची, बाप टेप फेकून मारायचा. मॅट्रिकला काठावर पास झालो तेव्हा बाप म्हणाला, "नकलांनी पोट भरत नसतं." तालुक्याच्या गावी मिशनच्या दवाखान्यात पोरांनाही नर्सिंग शिकवतात असं त्याला कुणीतरी सांगितलं. नेऊन सोडलं. बाईंनी मला शिकवलं, घासून-पुसून माणसात आणलं, आणि पास झाल्यावर मी तिथंच चिकटलो. लोक मला 'ब्रदर' म्हणायला लागले.

मी बाईंचा लाडका होतो. हे मी म्हणत नाही, धोबीसुद्धा म्हणायचा. राउंडला बाईंच्या मागं मी. बाईंच्या छातीवर एक घड्याळ उलटं लटकवलेलं असायचं. नाडी मोजायची असली की बाई ते काढून माझ्या तळहातावर ठेवायच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. राउंड संपला की त्यांच्या खोलीत चहा. कप त्यांचा, बशी माझी. मी डॉक्टरसाहेबांची नक्कल करायचो. साहेब पेशंटला तपासण्याआधी कसे घसा खाकरतात, आणि रोग कळला नाही की कसे जास्तच खाकरतात. बाई रुमालात तोंड लपवून हसायच्या आणि मग म्हणायच्या, "नाटक्या, पुरे."

मग ते दुष्काळाचं साल आलं. दुष्काळी कामावरनं ठेचलेली बोटं घेऊन माणसं यायला लागली. टँकरच्या पाण्यानं हगवण लागलेली लेकरं यायला लागली. खाटा पुरेनात म्हणून वऱ्हांड्यात सतरंज्या टाकल्या. आणि नर्सा कुठं होत्या? मुंबईला, पुण्याला. आमच्याकडं शिकायच्या, हातात सर्टिफिकेट पडलं की भुर्र. शेवटी बाईंनी ठरवलं, शहरातल्या पोरी नकोत. आसपासच्या खेड्यांतल्या घ्यायच्या, ज्या शिकून इथंच राहतील. आणि आम्ही जे चार-पाच जुने होतो त्यांच्या हाताखाली दोन-दोन वाटून द्यायच्या.

हाताखाली म्हणजे पक्कं हाताखाली. आमच्याकडं रीतच होती तशी. जिच्या हाताखाली तुम्ही, तिच्याबरोबर ड्युटी, तिच्याकडनं शिकायचं, चुकलं तर तिनं बोलायचं. आणि कुणीही विचारलं, 'हे कुणी शिकवलं?' की आपल्या वरच्याचंच नाव घ्यायचं. दुसऱ्याचं नाव घेतलं म्हणजे आपल्या माणसाचं नाक कापलं.

माझ्या वाट्याला दोघी आल्या. एक विधवा, माझ्याहून पुष्कळ मोठी. दुसरी नवऱ्यानं टाकलेली, दोन पोरांची आई. दोघी मला 'दादा' म्हणायच्या आणि सारखं विचारायच्या, "दादा, जेवला का न्हाई?" मी त्यांना शिकवणार की त्या मला वाढवणार, हेच कळेना.

आणि बाईंनी स्वतःच्या हाताखाली एक घेतली. एकच.

ती पाथर्डीकडची. काटकुळी, सातवी पास, मान कायम खाली. बाप सोडायला आला होता. सगळ्यांसमोर वऱ्हांड्यात उभा राहून म्हणाला, "बाई, पोरगी शिकायची म्हंतीया म्हून आनली. पैल्या परीक्षेत पास झाली तर तुमची. न्हाई झाली तर मी त्याच दिशी न्यायला येनार. पोरगा बघून ठिवलाय."

"पास होईल," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून राउंडला बाईंच्या मागं ती. मी तिच्या मागं. तिसऱ्या नंबरावर. नाडी मोजायची वेळ आली, बाईंचा हात घड्याळाकडं गेला, मी सवयीनं तळहात पुढं केला आणि घड्याळ माझ्या हातावरनं पुढं जाऊन तिच्या हातावर बसलं. मला बाई 'अरे ए' म्हणायच्या. तिला 'बाळ' म्हणायला लागल्या. राउंडनंतरची बशी? तीही गेली. एकदा मी काहीतरी निमित्त काढून खोलीत डोकावलो. ती बशीतला चहा फुंकत होती आणि बाई तिला पुस्तकातलं वाचून दाखवत होत्या. मला बघून बाई म्हणाल्या, "काही काम आहे का रे?"

काम! आता काम असल्याशिवाय आत यायचं नाही, असं झालं होतं.

मी लिननच्या खोलीत जाऊन बाईंच्या आवाजात ओरडलो, "कोण आहे रे तिकडं? चहा आण!" वॉर्डबॉय पळत चहा घेऊन आला. मी तो अख्खा कप प्यालो. बशीतल्या अर्ध्या चहाची चव काही त्याला नव्हती.

दुपारी वऱ्हांड्यात माझी शाळा भरायची. माझ्याकडं पुस्तक नसायचं. मीच पेशंट व्हायचो. पोट दुखणारा खरा पेशंट कसा विव्हळतो, सासूला घाबरवायला पोट दुखवणारी सून कशी विव्हळते. सगळं करून दाखवायचो. इंजेक्शनं टोचायला आधी मोसंबी असायची. त्या साली मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, मग स्वयंपाकघरातली वांगी. संध्याकाळी तीच वांगी रश्शात, पाणी भरलेली.

एक गोष्ट मी त्या दोघींना पुन्हा पुन्हा करून दाखवली. म्हातारा शेतकरी खाटेवर असला आणि तुम्ही म्हणालात 'बाबा, कुशीवर व्हा', की तो लाकडासारखा ताठ होतो. परक्या बाईनं हात लावलेला त्याला नको असतो. मग दोन माणसं लावली तरी हलत नाही.

"मग काय करायचं, दादा?" विधवा विचारायची.

"त्याच्या गुरांचं विचारायचं. दावणीला किती हायेत, छावणीत कोण बघतं, वैरण मिळती का. माणूस बोलायला लागला की अंग सोडतो. अंग सोडलं की हलका. तेवढ्यात फिरवायचा."

मी ताठ व्हायचो, त्या गुरांचं विचारायच्या, मी बोलता बोलता सैल व्हायचो आणि धप्पकन कुशीवर. सगळा वऱ्हांडा हसायचा. सतरंजीवरचे पेशंटसुद्धा. एक ती सोडून. ती वऱ्हांड्याच्या टोकाला बसून बाईंच्या गॉजच्या घड्या घालत असायची. ना हसू, ना मान वर. मी तिच्यासाठी म्हणून पंजाबी हवालदार आणला, मेमसाहेब आणली, खुद्द डॉक्टरसाहेब आणले. तिनं गॉजची कड जुळवली आणि पुढची घेतली. मला वाटायचं, बाईंच्या हाताखालची ना. ह्या मिशीवाल्याच्या शाळेत हिला काय रस?

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून परीक्षक बाई आल्या. कडक कांजीची साडी, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर पुणं. शहरातल्या नर्सिंग शाळांमध्ये शिकायला मोठी बाहुली असते म्हणे, माणसाएवढी. आमच्याकडं बाहुली नव्हती. मी होतो. प्रॅक्टिसच्या खोलीतल्या पलंगावर पेशंट म्हणून मीच निजायचो, कारण माझ्यासारखा आजारी कुणालाच पडता येत नव्हतं.

परीक्षक बाईंनी पेशंट सांगितला. म्हातारा शेतकरी, लकवा, उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. परीक्षा अशी, की त्याला कुशीवर वळवून खालची मळकी चादर काढायची आणि नवी घालायची. एकटीनं.

मी तोंड वाकडं केलं, एक डोळा अर्धा मिटला, उजवा हात पलंगावरनं खाली सोडला. परीक्षक बाई म्हणाल्या, "अरे वा." मला गुदगुल्या झाल्या, पण लकव्याच्या माणसाला होत नसतात.

माझ्या दोघी आधी झाल्या. लकव्यात अंग लुळं पडतं आणि पुढं जुनं झालं की ताठतं. दोन्ही बरोबर. माझ्या दोघींना मी लुळा लकवा दिला. सुती पातळासारखं फिरवलं त्यांनी मला. दोघी पास.

मग ती आली.

खिडकीतनं समोरचा लिंब दिसत होता. लिंबाखाली तिचा बाप बसला होता, शेजारी रिकामी पिशवी. तिचं सामान भरायला आणलेली. ती पिशवी तिला दिसत होती, बाईंना दिसत होती, मलाही दिसत होती. आणि बाईंनी काय केलं सांगू? माझ्या दोघी आत आल्या तेव्हा बाई खुर्चीवर टेकून बसल्या होत्या. ही आत आली तशा उठून उभ्या राहिल्या. माझ्या परीक्षेला नव्हत्या उभ्या राहिल्या.

मी जुना लकवा घेतला. ताठ.

तिनं माझ्या खांद्याखाली हात घातला, कमरेखाली घातला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणं पाय रोवला, आणि ओढलं. मी म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा दगड. पुन्हा ओढलं. तिची टोपी कानावर आली. परीक्षक बाईंची पेन्सिल कागदावर टेकली. बाईंचा बूट एकदा करकरला.

तिनं हात काढून घेतले. टोपी सरळ केली. मग माझ्या तोंडाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आबा, दावनीला गुरं किती हायेत वं?"

मी आतल्या आत चमकलो. पण मी होतो कलाकार. वाचा बंद असली तरी म्हातारा उत्तर द्यायची धडपड करणारच की! मी वाकड्या तोंडानं सुरू केलं, "ब... ब..."

"बैल? दोन हायेत का? आन् छावनीत कोन बगतंय त्यास्नी? थोरला का धाकला?"

"ध... ध..."

"धाकला व्हय. ध्यान देतो का न्हाई? वैरनीचं कसं?"

वैरणीचं सांगायला मी तोंड उघडलं आणि मला कळायच्या आत मी भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडलो होतो. माझ्या पाठीमागं मळकी चादर गुंडाळलीसुद्धा.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"पुस्तकात न्हाई, बाई. शिकवलंय."

"कुणी?"

मी भिंतीकडं तोंड करून पडलेलो. कान मात्र मागं. आता ती माझं नाव घेणार. वऱ्हांड्यातल्या सगळ्या त्या दुपारी, ते हवालदार, ते म्हातारे, ते विव्हळणं. ती ऐकत होती तर! ऐकत होती आणि हसत नव्हती!

"आमच्या बाईंनी," ती म्हणाली.

घड्याळ गेलं, बशी गेली, 'बाळ' गेलं, तिथवर मी सोसलं. पण माझा म्हातारा, माझी गुरं, माझी छावणी, तीही बाईंच्या खात्यात? मी ताडकन उठून बसलो. लकव्यानं गेलेला उजवा हात वर केला, छातीवर आपटला आणि म्हणालो, "ओ बाई! हे मी शिकवलंय! मी!"

दारात उभी असलेली माझी विधवा कुजबुजली, "दादा, निजा की वं!"

परीक्षक बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "हा बोलतो," त्या म्हणाल्या. मग बाईंकडं वळून, "म्हणजे पेशंटच हिचा मास्तर? पेशंटनंच शिकवलं आणि पेशंटनंच वळून दाखवलं. ही परीक्षा मला धरता येणार नाही."

बाईंच्या तोंडावरचा रंग उतरला. लिंबाखालचा बाप काहीतरी झालंय हे ओळखून उठून उभा राहिला होता, पिशवी हातात घेऊन. आणि ती? ती माझ्या पायाशी उभी होती, हातात नवी चादर. रडली नाही. मला म्हणाली, "ब्रदर, पाय उचला. चादर घालायची ऱ्हायलीया."

मी पाय उचलले.

बाई दोन पावलं पुढं आल्या. परीक्षक बाईंना म्हणाल्या, "वॉर्डात खरी पेशंट आहे. लकव्याचीच. ह्याला सगळ्या ओळखतात, पण तिला कुणी शिकवून ठेवलेलं नाही. तिथं बघा."

परीक्षक बाईंनी पेन्सिल कानामागं खोचली आणि निघाल्या. मीही निघालो, पण अर्ध्या वाटेवरच बाईंनी बोटानं मला थांबवलं. मग मी वॉर्डाच्या बाहेर, जाळीच्या दाराआड उभा राहिलो.

खाटेवर एक म्हातारी. खडी फोडताना कामावरच कोसळली होती. हलवायला गेलं की किंचाळायची, सगळ्या जुन्या नर्सांनी तिच्यापुढं हात टेकले होते. माझ्यासकट. मी तिला गुरांचं विचारून बघितलं होतं, ती थुंकली होती.

ती पोरगी खाटेशी गेली. म्हातारीच्या हातातल्या बांगड्यांकडं बघितलं, पायांकडं बघितलं. म्हणाली, "आजी, शेळ्या कुनापाशी ठिवल्या?"

शेळ्या! खडी फोडणाऱ्या म्हातारीकडं गुरं कुठली, शेळ्याच असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हातारीचं वाकडं तोंड उघडलं आणि त्यातनं सुनेचा उद्धार सुरू झाला. शब्द कळत नव्हते, पण सुनेबद्दल आहे हे सूर ऐकून आंधळ्यालाही कळलं असतं. शेळ्या सुनेपाशी होत्या आणि सून नातवाला दूध पाजत नव्हती, विकत होती, असलं काहीतरी. तिकडं सून शिव्या खात होती, इकडं म्हातारी कुशीवर होऊन चादर बदलून पुन्हा उताणी झाली. किंचाळली नाही. उलट पोरीचा हात सोडेना, तिला अजून सांगायचं होतं.

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "पास," म्हणाल्या.

बाप आला, बाईंच्या पायांना हात लावला. "तुमी शिकिवलं म्हून," म्हणाला. बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. रिकामी पिशवी झटकली, काखेत मारली आणि एस.टी.कडं चालायला लागला. आणि मी पुन्हा धुमसायला लागलो. शेळ्यांचं मला का सुचलं नाही?

परीक्षक बाईंची गाडी फाटकाबाहेर गेली आणि बाईंच्या खोलीतनं हाक आली. "अरे ए."

मी आत गेलो. दार लावायला सांगितलं. चहा नव्हता.

"बसू नकोस. उभा राहा. आज पुष्कळ निजलास. लाज वाटते का?"

"बाई, मी शिकवलं होतं आणि तिनं..."

"तिनं माझं नाव घेतलं. रीत कुणाची? तुझी-माझी. तुझ्या दोघींनी बाहेर कुणाचं नाव घेतलं असतं?"

"माझं."

"मग तिनं काय तुझं घ्यायचं? गप्प. तुला वाटतं तिला मी लाडानं जवळ केली. मूर्खा, आली त्या आठवड्यात रडत माझ्याकडं आली होती. म्हणाली, मला त्या ब्रदरच्या हाताखाली द्या, ते करून दाखवतात ते मला कळतं, पुस्तकातलं कळत नाही. मी काय करू? मिशीवाल्या तरुण पोराच्या हाताखाली लग्नाची पोरगी दिली, असं तिच्या बापाच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन इथं! म्हणून माझ्याच हाताखाली ठेवली. माझ्या!"

मी काहीतरी बोलायला गेलो.

"बोलू नकोस. गॉजच्या घड्या घालायला माझी खोली नाही? टेबल नाही? ते सोडून रोज दुपारी तिला त्या उन्हाच्या वऱ्हांड्यात कुणी बसवली? तुझ्यासमोर? का बसवली? हसू नकोस म्हणून कुणी बजावलं तिला? ती हसली असती तर तू शिकवायचं सोडून तिच्यासाठी नाचत बसला असतास. मी ओळखते तुला. त्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघू नकोस. इथं नर्सा नाहीत. माणसं जमिनीवर निजलीत. एक मिळाली होती, आणि तू, तू ताठ झालास! मला कळत नाही वाटतं? दोघींना लुळा आणि तिला ताठ? मी ह्या नोकरीत म्हातारी झाले, लकवा कसा असतो ते मला शिकवतोस?"

"पण बाई, शेळ्यांचं मी..."

"शेळ्यांचं तुला येत नव्हतं! तेच पोटात दुखतंय ना अजून? दुखू दे. चांगलं दुखू दे. पुढच्या महिन्यात नव्या आठ येतायत, त्यांना वऱ्हांड्यात तूच शिकवायचं, कुणाच्या का हाताखाली असेनात. आणि एकीनंही तुझं नाव घेतलं नाही, तरी तोंडातनं शब्द काढायचा नाही. आणि एक ऐकून ठेव. लकव्याच्या माणसाला उठवून बसवणारा आजवर एकच होऊन गेला, त्या भिंतीवरच्या क्रुसावरचा, आणि तो काही भिंगारचा नव्हता. चल, निघ. वॉर्डातली बेडपॅनं तशीच पडलीत."